उघाडी

मंगळवार, दुसरी शिफ्ट. कोपरखैरणे, तिसरा मजला.
हसुरामकाका चप्पल काढून वजनकाट्यावर चढतात,
देवळाची पायरी चढावी तसे.
कोरड्या वजनाच्या वर दोन किलो आठशे.
"शहाळं प्यायलात?"
ते खिडकीकडे बघतात.
खिडकीतून घणसोलीची खाडी दिसत नाही, टॉवर दिसतो,
तरी तिकडेच बघतात.
"येकच. तांब्याभर पन नाय."
पोटॅशियम सहा पूर्णांक एक.

सुया लावते. हातातली जोडलेली शीर
मांजरीसारखी घुरघुरते.
नळकांड्यात हजारो नळ्या, केसाएवढ्या,
रक्त आतून, पाणी बाहेरून, उलट दिशेनं.
मध्ये पडदा, नुसत्या भोकांचा.
बारीक ते जातं, मोठं ते राहतं.
नावानं तो कुणालाच ओळखत नाही.

"आनि आपला? आंगातला?"
चार तास असतात. मी सांगत बसते.

आपला कुणी बांधलेला नाही, काका.
एकेक कण असा: डोकं पाण्याला हावरं,
मागे दोन शेपट्या, पाण्याचं नाव काढलं की अंग चोरणाऱ्या.
पाण्यात सोडा, आपणच दोन रांगा धरतात,
शेपटीला शेपटी, डोकी दोन्हीकडे बाहेर.
चिखल नको, दगड नको, मुकादम नको.
टोचलं तर मिटतो.
आणि घट्ट नसतो हो, रश्शावरच्या तरीसारखा हलत असतो,
तरीत बटाट्याची फोड
अर्धी वर अर्धी खाली असते ना,
तशी त्यात दारं.
काही दारं फुकटची. दाटीतून विरळ्यात,
जायचं तर जा.

"म्हंजे उघाडी," ते म्हणतात,
आणि मशीनच्या आवाजावरून बोलू लागतात.
खारबांधाची उघाडी, सागाची फळी, वर बिजागरी.
"व्होटीला शेतातला पानी ढकलते, फली उघरते.
भरती आली का खारा पानी तिलाच दाबते, मिटते.
रातचा मी नुसता बसून. कंदील, न चिंबोऱ्या."

हो, तशी.
पण एक दार आहे, ते भरती-ओहोटीचं ऐकत नाही.
विरळ्यातून दाटीकडे ढकलतं, चढावर,
आणि दर खेपेला मजुरी घेतं.
सोडियम तीन बाहेर. पोटॅशियम दोन आत.
दिवसभर. झोपेत. आत्ता.
तुमच्या भाकरीतला मोठा घास
ह्या हमालीवरच जातो.

"तीन भायेर, दोन आत."
ते मोकळ्या हाताच्या बोटांवर घेतात.
मिठागरावर टोपल्या मोजलेली बोटं,
पेरं अजून पांढरट.
"तीन भायेर, दोन आत. मंग येक कुठं जाते?
मुकादम खाते काय?"

प्रेशर शंभरवर आलंय. मी पलंगाचं पायथं उचलते.
कुणी नाही खात. तो बाहेरच राहतो,
तेवढ्यानं आतली बाजू जराशी उणी पडते.
त्या उण्यावर बोट हलतं, काका. पापणी. छाती.
रक्तात पोटॅशियम साचलं
की आतबाहेरची तफावत बुजत जाते.
म्हणून शहाळं नको.

ते बराच वेळ गप्प.
शेजारच्या पलंगाचा अलार्म वाजतो, मी जाऊन बंद करते,
परत येते तेव्हा त्यांचं वाक्य सुरू झालेलं:
"...मुरूम टाकला, सेक्टर भरला, उघाडी बुजली.
दोनी आंगाला सारकाच पानी.
जिताडा तवाच गेला."

साडेसहा. दोन किलो आठशे उतरलं.
सुई काढून कापूस दाबून धरते, दहा मिनिटं, घड्याळ बघून.
बोटाखाली मांजर आहे. ऐकू येत नाही, कळतं.
"सोर गो आता," ते म्हणतात, "मिटला आसंल."
मी आणखी दोन मिनिटं
धरून ठेवते.